पालथा कप

त्या मंगळवारपर्यंतच्या सव्वा वर्षात माझा नवरा एकोणचाळीस वेळा मेला. त्यातल्या एकतीस वेळा चूक माझी होती. हे मी मनाचं सांगत नाही, कंपनीनं दिलेलं गुणपत्रक आहे माझ्याकडे. उरलेल्या आठ वेळा मी सगळं नियमाप्रमाणे केलं तरी तो मेलाच. त्याला ते लोक टाळता न येण्याजोगी घटना म्हणतात आणि तिचे गुण कापत नाहीत. तेवढीच मेहेरबानी.

प्रत्येक वेळी सकाळी मी जागी झाले तेव्हा तो शेजारी तोंड उघडं टाकून घोरत होता. एखादीला वाटेल, मग बिघडलं कुठे? तेच सांगते.

मी योगिता. कारखेडच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. नवरा, दिगंबर, त्याच सेक्शनला लाइनमन. तो तारांवर चढतो, आणि तो वर असताना त्या तारांत वीज जाऊ न देणं हे माझं काम. चढण्याआधी लाइनमन माझ्याकडून परमिट घेतो. म्हणजे अमुक लाइन बंद केली, तो सांगेपर्यंत मी ती चालू करणार नाही. काम संपून माणसं खाली उतरली की तो परमिट परत करतो, आणि मगच मी लाइन चार्ज करते. एकोणीस वर्षांत आम्ही नवरा-बायको संसारापेक्षा परमिटावरच जास्त बोललो असू.

आमच्या उपकेंद्रात याला एक शेपूट होतं. परमिट परत केलं की लाइनमनला चहा मिळायचा, आणि चहा पिऊन तो कप ऑपरेटरच्या टेबलावर पालथा घालायचा. कप पालथा, म्हणजे माणसं खाली. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. सही खोटी असू शकते, कप नाही, असं जुनी माणसं म्हणायची. पुढे रजिस्टर गेलं, परमिट मोबाइलवर आलं, कप तेवढा टिकला.

मग निद्राभ्यास योजना आली.

आम्हाला प्रशिक्षणात जे सांगितलं ते असं. माणूस स्वप्न बघतो तेव्हा, जागेपणीच्या गोष्टी पक्क्या करणारं एक रसायन मेंदूत जवळजवळ बंद असतं. म्हणून दात घासेपर्यंत स्वप्न विरून जातं. कपाळामागचा जो भाग 'हे खरं आहे का?' असं विचारतो, तोही तेव्हा पेंगत असतो. कपाळाला बांधायची एक पट्टी निघाली. ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे बारीक ठोके देऊन ती ते रसायन चालू ठेवते, आणि शंका घेणाऱ्या भागाला मात्र झोपू देते. त्यामुळे स्वप्नात शिकलेलं जागेपणी शिकल्याइतकं टिकतं. अपघाताचा सराव खऱ्या यार्डात करता येत नाही, झोपेत करता येतो. पट्टी चित्रं दाखवत नाही. ती कानात चार शब्द, ट्रान्सफॉर्मरची घरघर, जळक्या तेलाचा वास एवढंच देते. बाकीचा देखावा आणि माणसं तुमचाच मेंदू पुरवतो. फुकटातले नट. आता लाइनमन म्हणून माझ्या मेंदूनं दुसरा कोण पुरवावा?

पहिल्या वर्षात अपघात निम्म्यावर आले, हेही सांगायला हवं. म्हणून कुणी तक्रार करत नव्हतं.

पण मेंदूत आठवणीवर 'खरी' असा वेगळा शिक्का नसतो. आठवण ठसठशीत असली की मेंदू ती खरी धरतो, आणि पट्टीच्या आठवणी भलत्याच ठसठशीत. त्यावर उपाय म्हणून रोज सकाळी मोबाइलवर यादी येते. काल झोपेत हे हे सराव झाले. प्रत्येकापुढे खूण करायची, हे घडलेलं नाही, हे घडलेलं नाही. माझा दिवस असा उजाडतो. जागेपणी आठ तास ड्यूटी, झोपेत सहा तास ड्यूटी. मी इतकी दमलेय की दमले म्हणायचाही कंटाळा येतो.

गंमत म्हणजे स्वप्नातला दिगंबर स्वभावानं खऱ्यापेक्षा पुष्कळ बरा. मरायच्या आधी कसा छान हसून बोलायचा.

खरं-खोटं ओळखायची माझी स्वतःची एक खूण होती. माझा डावा गुडघा पाच वर्षं दुखतोय. स्वप्नात तो दुखायचा नाही. स्वप्नात मी थकायचेच नाही, यार्डभर पळत सुटायचे. म्हणून एखादी आठवण आली की मी मनाशी विचारायचे, तेव्हा गुडघा दुखत होता का? दुखत असेल तर खरं. ज्याला रोज शिव्या घातल्या तो गुडघा असा कामाला आला.

चूक एवढीच की मी ते सांगून बसले. दर तीन महिन्यांनी पट्टी बनवणाऱ्यांकडून ऋजुता नावाची मुलगी आढाव्याला येते. हुशार, नम्र, वयानं माझ्या भाचीएवढी. तिनं विचारलं, "ताई, तुमचा गोंधळ इतरांपेक्षा कमी होतो. तुम्ही कसं ओळखता?"

कौतुकाला भुलले. गुडघ्याचं सगळं पुराण सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी पट्टीची नवी आवृत्ती आली आणि स्वप्नात गुडघा दुखायला लागला.

मी फोन केला तर म्हणाली, "ताई, हा सराव आहे असं मेंदूला कळलं की तो जीव तोडून शिकत नाही. म्हणून आता थकवाही घातलाय. तुमच्यामुळेच सुचलं. अहवालात आभार मानलेत तुमचे."

मीही तिचे आभार मानले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर मला दिगंबरकडे सरळ बघता येईना. तो जेवत असला की घास धरलेला हात मला काळा पडलेला दिसायचा. पहाटे जाग आली की मी त्याचं मनगट चाचपायचे. सुरुवातीला तो हसायचा. मग हसणं थांबलं. त्या मंगळवारी सकाळी मी त्याला चहा दिला आणि नकळत दुसऱ्या हातानं त्याची नाडी धरली. त्यानं हात झटकला. चहा सांडला.

"मेलेल्या माणसाकडं पाह्यल्यावानी काऊन पाह्यतं वं माह्याकडं? जित्ता हाये मी!"

"मला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही," मी म्हणाले.

"तुले दिसते, पण मरा लागते मले! रोज मरून मरून कटाळा आला. आता बोलू नको माह्याशी."

माझ्या नवऱ्याचा रुसवा म्हणजे घड्याळ लावून घ्यावं असा. तीन दिवस पूर्ण, एक शब्द नाही, चहाला 'हो' नाही की 'नाही' नाही. चौथ्या दिवशी सकाळी स्वतः उठून पोहे करतो आणि बशी माझ्यापुढे आणून ठेवतो. तो तह. एकोणीस वर्षांत एकदाही तारीख चुकलेली नाही.

त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती आणि पहाटेपासून गावातला मोबाइल बंद होता. म्हणजे झोपेतल्या सरावांची यादी आली नव्हती. परमिटही मोबाइलवर देता येत नव्हतं. अशा वेळी नियम साधा आहे, परमिट तोंडी घ्यायचं आणि समक्ष येऊन परत करायचं. पावणेदहाला दिगंबर आला. कालव्याजवळच्या खांबावर इन्सुलेटर बदलायचं होतं.

"तेहतीस केव्हीची कालवा लाइन," तो भिंतीला म्हणाला.

मी लाइन बंद केली. ब्रेकरची चावी काढून टेबलावर ठेवली. तो इस्माईलला, त्याच्या जोडीदाराला, घेऊन निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

पावणेएकला साधा फोन वाजला. तारेचा फोन तेवढा चालू होता. गावंडे साहेब, आमचे उपअभियंता.

"मॅडम, कालवा लाइनीचं काय झालं? दवाखान्यातून सारखे फोन येऊन राहिले. जनरेटरचं डिझेल संपत आलंय, डायलिसिसवर चार पेशंट आहेत. काम झालं असंल तर चार्ज करा ना."

मी टेबलाकडे पाहिलं. माझ्या उजव्या हाताला कप पालथा होता.

आणि मला आठवलं. दिगंबर येऊन गेला होता. दारातून आत आला, हेल्मेट काढून काखेत धरलं, घाम पुसला, चहा घेतला, कप पालथा घातला आणि म्हणाला, "झालं वं योगे. माणसं खाली आली." त्याच्या बुटाला कालव्याचा चिखल होता. तो फरशीवर उमटला. सगळं लख्ख.

"झालंय साहेब," मी म्हणाले. "येऊन गेले ते. करते चार्ज."

चावी लावली. ब्रेकरच्या दांड्यावर हात ठेवला. आणि सवयीनं विचारलं, तो आला तेव्हा गुडघा दुखत होता का? होता. आता दुखतोय का? दुखतोय. पण गुडघ्याची साक्ष आता कामाची नव्हती, ती मीच वाटून टाकली होती. फरशीवर पाहिलं. फरशी स्वच्छ होती, पण ती नुकतीच पुसलेली होती. त्यानं जागेवर अर्थिंग लावलेलं असेल, म्हणजे वीज आली तरी ती जमिनीत जाईल, असंही वाटलं. असेल या शब्दावर माणसाचा जीव कोण टांगतं?

"मॅडम?" फोनमधून साहेबांचा आवाज.

हेही स्वप्न असेल तर दांडा फिरवून काय होईल? चाळिसाव्यांदा मरेल, गुण कापले जातील, सकाळी तो घोरत असेल. सव्वा वर्ष रोज हेच शिकवलंय मला, की चुकलं तरी सकाळ होते. माझा हात त्या शिकवणुकीनंच दांड्यावर गेला होता. हे कळलं आणि मला माझ्या हाताचीच भीती वाटली.

मी पुन्हा आठवून पाहिलं. हेल्मेट. घाम. चहा. "झालं वं योगे."

योगे?

सकाळी हात झटकलेला माणूस दुपारी योगे म्हणणार? माझा नवरा? त्याचा बाप वारला त्या आठवड्यातसुद्धा रुसव्याचे तीन दिवस त्यानं पुरे केले होते. तो खरा आला असता तर भिंतीला सांगून, कप आपटून निघून गेला असता. आणि मग माझ्या लक्षात आलं की एकोणचाळीस वेळांत एकदाही, एकदाही तो माझ्यावर चिडलेला नव्हता. रागानं झोप मोडते म्हणून असेल किंवा आणखी कशानं, पण पट्टीला सगळं जमलं होतं, रुसवा जमला नव्हता.

"साहेब, चार्ज करत नाही," मी म्हणाले. "मी बघून येते."

"अहो, आत्ता तर म्हणाल्या ना येऊन गेला? ड्यूटी सोडून कुठं..."

मी फोन ठेवला. चावी काढली आणि मुठीत धरली, म्हणजे मागे दुसरं कुणी येऊन शहाणपणा करायला नको. व्हरांड्यात मंदाबाई कपबशा विसळत होती. महिन्याभरापूर्वीच ठेक्यावर लागलेली.

"मंदाबाई, माझ्या टेबलावरचा कप?"

"म्या धुतला ना बाई. सुकाले पालथा घातला," ती म्हणाली. "काऊन? चुकलं का काही?"

तिला काय सांगणार? आमची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती.

कालवा दीड किलोमीटर. वाटेत एकही मोटारसायकल थांबेना. ऊन डोक्यावर, गुडघा प्रत्येक पावलाला ओरडतोय. निम्म्या वाटेत मनात आलं की तो तिथं नसेल, कुठल्या तरी टपरीवर बसला असेल, आणि मी चार आजारी माणसांचा जीव उगाच टांगणीला लावलाय. तरी चालत राहिले. बसायची सोय नव्हती.

वळणावरून खांब दिसला. दिगंबर वर होता. कमरेचा पट्टा ताणून, मागे रेलून, दोन्ही हातांनी तार धरलेली. इस्माईल खालून दोरीनं सामान चढवत होता.

मी तिथेच मातीत बसले. इस्माईल धावत आला. "भाभी? काय झालं भाभी?"

दिगंबरनं खाली पाहिलं. मी मान वर करून विचारलं, "तुम्ही मघाशी आले होते का परत?"

त्यानं तोंड फिरवलं आणि पाना चालवू लागला. उत्तर नाही. रुसलेला होता ना. त्या पाठमोऱ्या माणसावर माझं आयुष्यात कधी नव्हतं इतकं प्रेम आलं, आणि मी पदर तोंडात धरून रडले.

लाइन अडीच वाजता चालू झाली. दवाखान्यात दोन पेशंट अर्ध्यातून उठवून जिल्ह्याला पाठवावे लागले. ते वाचले, पण त्यातल्या एका म्हातारीचे फार हाल झाले. ते माझ्या खात्यावर आहेत, मी नाकारत नाही.

चौकशी शुक्रवारी झाली. गावंडे साहेब, जिल्ह्याचे एक अधिकारी आणि ऋजुता. यादी एव्हाना आली होती. सोमवारच्या झोपेतला तिसरा सराव होता, कालवा लाइन, परमिट परत, आठ मिनिटं.

"म्हणजे ती आठवण स्वप्नातली होती आणि तुम्ही ऐन वेळी ते ओळखलंत," ऋजुता म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. खोटी नव्हती पोरगी, तिला खरंच आनंद झाला होता. "ताई, कसं ओळखलंत? आजवर कुणाला जमलेलं नाही हे."

गावंडे साहेब समजुतीनं म्हणाले, "मॅडम, कारण नीट सांगितलं तर मेमो राहत नाही. उलट तुमच्या नावाची शिफारस करू आम्ही. नाही तर ड्यूटी सोडली, लाइन पावणेदोन तास उगाच बंद ठेवली, असं कागदावर जाईल."

ऋजुतानं लिहायला घेतलं. तिचा पेन कागदावर टेकलेला मला दिसत होता. सांगितलं की दोन महिन्यांनी नवी आवृत्ती येईल. स्वप्नातला दिगंबर तीन दिवस रुसून बसेल, कदाचित चौथ्या दिवशी पोहेही करेल. मग माझ्याकडे उरणार काय?

"नाही ओळखलं," मी म्हणाले.

"मग गेलात कशाला?"

"गुडघा आखडला होता. म्हटलं, जरा चालून यावं."

जिल्ह्याचे अधिकारी हसले नाहीत. मला मेमो मिळाला आणि 'गोंधळ टाळण्यासाठी' झोपेतले सराव दुप्पट करण्यात आले. आता दिगंबर पूर्वीच्या दुपटीनं मरतो.

त्या शुक्रवारी सकाळी, चौकशीला निघण्याआधी, त्याचा चौथा दिवस होता. पोह्यांची बशी माझ्यापुढे आली होती. वर शेव, बाजूला लिंबाची फोड.

"घे योगे, खाऊन घे. दिवसभर काय विचारतील ते," तो मऊ आवाजात म्हणाला.

माझा हात बशीकडे जाईना. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं प्रत्येक रुसव्यानंतर ज्या शब्दाची वाट बघितली त्या शब्दानं माझ्या अंगावर काटा आला. त्याला सगळं सांगितलं, पट्टीतला तो कसा गोड बोलतो ते, आणि मी त्याला कशावरून ओळखलं तेही.

तो म्हणाला, "म्हंजे मी गोड बोललो की तुले भेव वाटते?"

"हो."

त्यानं बशी माझ्यापुढून ओढली, पुन्हा आपटून ठेवली आणि ओरडला, "मंग मुकाट्यानं खा! थंडे होऊन रायले पोहे!"

डोळे भरले होते त्याचे. मी खाल्ले. त्या दिवसापासून तो परमिट परत करायला येतो तेव्हा माझ्याशी भांडतो. भाजीवरून, माझ्या माहेरावरून, मिळेल त्या कारणावरून. त्याला नाटक करता येत नाही, म्हणून बिचारा दिवसभर खरी कारणं गोळा करत असतो. आमचं लग्न कधी नव्हतं इतकं कडू झालंय, आणि ते माझ्यासाठी चाललंय हे दोघांनाही माहीत आहे.

मग एका दुपारी तो आला. काही बोलला नाही. कप पालथा घालताना आपटला, माझ्याकडे न बघता निघून गेला. मी चावी लावली. दांड्यावर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं की टेबलावर कप नाही, म्हणजे तो आलाच नव्हता.

यादीत तसला सराव नव्हता. मी पुन्हा पुन्हा वाचली. ऋजुताला मी काही सांगितलेलं नव्हतं, दिगंबरनंही नाही. पण नट माझ्याच डोक्यातले आहेत, आणि माझ्या डोक्याला आता रुसव्याचं गुपित कळलंय.

तेव्हापासून मी स्वतःला खरं-खोटं विचारणं सोडलं. काम संपायच्या सुमाराला चावी मुठीत घेते आणि चालत खांबाशी जाते, एक किलोमीटर असो की चार. तो खाली उतरेपर्यंत उभी राहते. उतरला की त्याचा हात धरते आणि तसाच धरून उपकेंद्रापर्यंत आणते. लोक हसतात. हात सोडून मी दांडा फिरवते. तोवर लाइन बंद असते आणि साहेबांचा फोन वाजत असतो.

ड्यूटी सोडल्याचे पाच मेमो झाले की नोकरी जाते. माझे तीन झालेत.